अकरावं मूल

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. आणि एरवी माझ्या छातीवर माझा फारसा भरवसा नसला तरी या एका बाबतीत आहे. चौतीस वर्षं मी लसींच्या भांडारात काढली. बाहेर माणसं घामाने निथळत असायची आणि मी आत स्वेटर घालून बाटल्या मोजत बसायचो, म्हणून कचेरीत मला थंडोबा म्हणत. गारठ्यात बसलेल्या माणसाला दोनच उद्योग असतात, एक हात चोळणं आणि दुसरा थापा मारणं. हात मी फार चोळले नाहीत. एकदा मोठ्या शीतपेटीचं झाकण उघडं राहिलं, आतली थंडी जिना उतरून रस्त्यावर गेली, तिथे एक गृहस्थ शिंकायच्या बेतात होते, त्यांची शिंक अर्ध्यावर गोठली आणि आठ दिवसांनी जावयाशी गंभीरपणे बोलत असताना सुटली, ही माझीच. एक बाई काही केल्या लस टोचू देईना, तेव्हा तिच्या बाळानेच मला डोळा मारून मांडी पुढे केली, हीसुद्धा माझीच. अशा कितीतरी. त्या सगळ्या लोकांनी मानल्या, निदान हसून पदरात घेतल्या. आज सकाळी मात्र कुणी गोठलं नाही, कुणी डोळा मारला नाही. एका दवाखान्याच्या खोलीत, बाकावर, माझ्या मुलीशेजारी बसून मी एक साधी, सरळ, चारचौघांना पटेल अशी गोष्ट रचली आणि ती मला तडीस नेता आली नाही. माझ्यासारख्या मुरलेल्या माणसाला! कोण खरं मानेल?

खोली तळमजल्यावरची. दोन बाक, एक टेबल, वजनाचा काटा, काट्यावर अंथरलेलं प्लास्टिक, आणि भिंतीवर एका हसऱ्या बाळाचं चित्र, ज्याला कुणीतरी पेनने मिशा काढल्या होत्या. मुलीच्या मांडीवर माझी नात झोपलेली. साडेतीन महिन्यांची. पहिला डोस दीड महिन्याची असताना व्हायचा, तो अजून झालेला नव्हता. आधी सर्दी होती, मग पाहुणे होते, मग जावई कामासाठी परगावी गेला होता, आणि मग एक दिवस मुलीने कारणं द्यायची सोडून दिली. काल फोनवर म्हणाली, "येते मी, तुम्ही एवढं म्हणताय म्हणून. पण आले म्हणजे टोचीनच असं नाही, बाबा. नंबर येईपर्यंत वेळ आहे तुम्हाला. पटवा मला." मला हसूच आलं. पटवायचं! जन्मभर मी दुसरं काय केलं? घाबरलेल्या आया, आडमुठे बाप, काठी आपटणारे आजोबा, सगळ्यांना मी गोष्टी सांगून टेबलापर्यंत आणलेलं. आपल्याच मुलीला आणायचं म्हणजे काय, हातचा मळ. सकाळी दाढी करताना मी दोन-तीन गोष्टी घोळवूनही ठेवल्या होत्या.

तर आम्ही बसलो, नंबराचा कागद घेतला, सातवा, आणि सिस्टरनी, त्या चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या, आवाजाने भारी आणि हाताने हलक्या, उठून बाकांवरून एकदा नजर फिरवली, ओठ हलवत मुलं मोजली आणि म्हणाल्या, "सातच आहेत. जरा थांबू या. अजून दोन-तीन आली की उघडते बाटली. एवढ्यांसाठी नको फोडायला."

बस, एवढंच. रोजचं वाक्य. मी स्वतः हजारदा म्हटलेलं, दुसऱ्यांना शिकवलेलं. पण जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायाखाली एकदम सपाट जमीन यावी, तसं झालं. सगळं अंग आतल्या आत आदळलं. चौतीस वर्षं ज्या गारठ्यात बसलो होतो तो अंगात कुठेतरी दडी मारून बसला असावा आणि आता हाक ऐकून बाहेर आला असावा.

"बाबा, काय झालं? पांढरे पडलात."

"भूक," मी म्हणालो. दिवसाची बोहनी झाली.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना सांगायला हवं. लसीच्या एका बाटलीत दहा मुलांचं औषध असतं. रबरी बुचातून एकदा सुई गेली की आमच्या काळी तिचं आयुष्य तेवढ्या दिवसापुरतं. संध्याकाळी आत उरलेलं ओतून टाकायचं. म्हणजे एका मुलासाठी बाटली उघडली की नऊ मुलांचं औषध मोरीत. बाकीच्या भांडारांतून पाव-पाव माल असा मोरीत जायचा. माझ्याकडचा जात नसे. भांडारातच टोचायचं टेबल होतं, मी मुलांना जमवायचो. सकाळी सहा आली तर त्यांना गोष्टी सांगून बसवून ठेवायचो, शिपायाला गल्लीत पिटाळायचो, दहा झाली की बाटली हातात घ्यायचो. बारा झाली तर दोघांना गुरुवारी या म्हणायचो. वरचे साहेब तपासणीला आले की आकडा बघून भुवया उंचावायचे. एकदा तर सगळ्या भांडारांच्या बैठकीत त्यांनी मला उभं केलं आणि म्हणाले, बघा, हा माणूस एक थेंब वाया घालवत नाही. टाळ्या पडल्या. त्या दिवशी घरी येताना मी रस्त्याच्या मधून चाललो होतो. माणसाला कशाचा गर्व व्हावा याला काही धरबंध नसतो. कुणाला रूपाचा होतो, कुणाला विद्येचा. मला न सांडलेल्या थेंबांचा झाला.

"तर मग," मुलगी म्हणाली, "करा सुरुवात."

"काय विचारायचंय ते विचार."

"आयांच्या ग्रुपवर एकीने लिहिलंय, टोचल्यावर तिचं बाळ तीन तास एका सुरात रडत होतं. कशाने थांबेना."

"होतं कधीकधी. ताप येतो, मांडी सुजते, पोर किरकिरतं. दोन दिवसांनी विसरतं. आई विसरत नाही."

"आणि त्याहून वाईट?"

"लाखात एखाद्याला. नाही असं नाही म्हणणार मी."

तिने मान हलवली. हे खरं बोललो होतो, आणि खरं बोलल्याचा ठसाही बरा उमटला होता. पुढच्या बाकावर मांडीत हेल्मेट आणि हेल्मेटवर बाळाची पिशवी घेऊन एक तरुण बाप बसला होता. त्याचं बाळ बायकोच्या खांद्यावर. त्याला बहुधा आमच्या बोलण्याने धीर आला. तो टेबलाकडे वळून म्हणाला, "मी म्हणतो सिस्टर, आमच्या आजोबांच्या वेळी कुठे होत्या लसी? काही अडलं का त्यांचं?"

सिस्टरनी कागदावरून डोळे वर केले नाहीत. "आजोबांना भावंडं किती?"

"नऊ होती म्हणे."

"मोठी किती झाली?"

त्याने हेल्मेटवर बोटं टेकवत मोजलं. "चार."

"मग बसा."

खोलीत हशा पिकला. त्याची बायको सगळ्यांत जास्त हसली. माझी मुलगीही ओठांत हसली आणि मला वाटलं, चला, अर्धं काम दुसऱ्यानेच केलं. तेवढ्यात तिने पिशवीत हात घालून एक जुनं कार्ड काढलं. घडीवर फाटलेलं, मागून चिकटपट्टी लावलेलं. तिच्या आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली असायचं ते. तिची आई गेली तेव्हा कपाट मुलीने आवरलं. मला वाटलं होतं, गेलं असेल रद्दीत.

"भोंग्याचं," ती म्हणाली.

भोंगा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. नाव वेगळं होतं, पण जन्मला तोच असा ओरडत, की दाईने कानांवर हात ठेवले, ही काही माझी थाप नाही. दूध हवं तर भोंगा, नको तर भोंगा, झोप आली तरी भोंगा, झोप झाली तरी भोंगा. दुसऱ्या मजल्यावर राहायचो आम्ही. खालचा दुकानदार म्हणायचा, तुमच्या पोराच्या आवाजावर मी दुकान उघडतो. ती त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. त्याच्या तोंडावर हात दाबून धरायची आणि तो तिच्या बोटांमधून ओरडायचा. तीन वर्षांचा होऊन चार महिने झाले होते तेव्हा गेला. घटसर्पाने; ही लस त्यावरचीच.

"तिन्ही डोस आहेत यावर," तिने बोट ठेवलं. "तुमचंच अक्षर आहे. वेळेवर, तारखेसकट. तुम्ही लसीच्या भांडारातले. तुमच्याइतकी काळजी कोण घेणार? आणि तरी गेला. मला ग्रुपबिपचं काही नाही हो, बाबा. त्या बायका काहीही लिहितात. मला एवढंच सांगा. लस खरी असेल तर हा कसा गेला? आणि हा गेला असेल तर मी हिला कशावर टोचू?"

मी कार्डाकडे पाहिलं. निळी शाई जांभळी झाली होती. अक्षर सुरेख होतं माझं. तीन तारखा, तीन सह्या, एकाखाली एक.

काय सांगू तुम्हाला. पहिल्या तारखेच्या दिवशी तिची आई त्याला घेऊन भांडारात आली तेव्हा दहावं मूल नुकतंच उठलं होतं. बाटली रिकामी. तो अकरावा. कपाटात बाटल्या होत्या, हात लांब करायचा अवकाश. मी तिला म्हणालो, गुरुवारी बघू, एकट्यासाठी कशाला फोडायची, घरचाच तर आहे. घरचाच तर आहे! दुसऱ्या कुणाचा असता तर मी एखाद वेळेस उघडलीही असती, बाई लांबून आली असेल, रडली असेल. घरच्यासाठी उघडली तर लोक काय म्हणतील, थंडोबा आपल्या पोरासाठी नऊ डोस ओततो. ती बिचारी परत गेली. संध्याकाळी साहेबांचा निरोप आला, कर्मचाऱ्यांच्या मुलांची कार्डं उद्या तपासायची आहेत, सगळी पूर्ण हवीत. मी त्याचं कार्ड काढलं आणि तारीख घातली. गुरुवारी द्यायचीच होती. गुरुवारी त्याला ताप होता. पुढच्या गुरुवारी मुलं अकरा आली. आणि मग एक चमत्कार झाला, जो माझ्या कुठल्याही थापेत नाही: मी विसरलो. विसरलो म्हणजे असं, की लिहिलेलं होतं ना; लिहिलेलं डोळ्यांसमोर असलं की ते झालेलंच वाटायला लागतं. बायको विचारायची, दिली का हो? मी म्हणायचो, दिली की. दुसरी तारीख आली तेव्हा पहिलीच्या खाली दुसरी घातली, कारण पहिलीशिवाय दुसरी कशी देणार, आणि पहिली तर झालेली दिसत होती. तिसरीच्या वेळी हात आपसूक चालला. हे मी आज सांगतोय म्हणून असं ओळीने येतंय. त्या वेळी यातलं काहीच घडत नव्हतं. त्या वेळी मी फार कामात होतो.

दार उघडलं आणि एक बाई जुळी घेऊन आत आली, एक पुढे, एक पाठीवर. तिच्यामागे आणखी एक, धापा टाकत. "झाली!" सिस्टर म्हणाल्या, "दहा झाली. या, पहिला नंबर." त्यांनी बाटली काढली, उजेडात धरून पाहिली, हलवली, बुचावर कापूस फिरवला. पहिलं मूल रडलं. खोलीतल्या सगळ्या आयांनी आपापली मुलं किंचित घट्ट धरली. मी मनात मोजलं. सातवा नंबर. एका मुलाला तीन-चार मिनिटं.

"घटसर्प नव्हताच तो," मी म्हणालो. "तेव्हा डॉक्टर घशाचं काहीही झालं की घटसर्प लिहायचे."

"बाबा, मी आठ दिवस त्याच रुग्णालयात होते. मला बाजूच्या खोलीत ठेवलं होतं, घसा तपासून. मला काचेतून दिसायचं."

ती सहाचीही नव्हती तेव्हा. मला वाटायचं तिला काही आठवत नसेल. माणूस मुलांच्या आठवणींचा हिशोब नेहमी कमी धरतो. काचेतून तिला काय दिसलं असेल? त्याच्या घशात राखाडी पापुद्रा धरला होता, ओल्या कातडीसारखा, आणि मान बैलाच्या मानेसारखी सुजली होती. पण ते शेवटी. आधी फक्त त्याचा आवाज गेला. सकाळी तिची आई म्हणाली, अहो, आज भोंगा वाजला नाही. आम्ही हसलो. खालच्या दुकानदारानेही विचारलं, आज सुट्टी का? घोगरा झाला होता, बस. त्या दिवशी संध्याकाळी त्याला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. भले गृहस्थ होते, मला चांगले ओळखायचे. त्यांनी चमच्याने जीभ दाबून घसा पाहिला, बराच वेळ पाहिला, दिवा जवळ घेतला. मग माझ्याकडे वळले आणि विचारलं, "लसी झाल्यात ना याच्या?"

मी म्हणालो, "तिन्ही."

ते म्हणाले, "मग प्रश्न नाही. टॉन्सिल्स असतील," आणि दिवा बाजूला ठेवला.

दोन दिवस गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी रुग्णालयात. तिथला डॉक्टर नवखा पोरगा होता, मला ओळखत नव्हता, त्याने मला काही विचारलंच नाही. घसा पाहिला आणि धावत गेला. पण घटसर्पाचं विष मारणारं औषध दोन दिवस आधी जायला हवं होतं. अजूनही मी कधी कधी ते दोन दिवस काढून बघतो. खिशात ठेवलेले असावेत तसे. त्यातला कुठलाही क्षण घ्या, दुपारचे चार घ्या, पहाटेचे सहा घ्या, मी उठून कोपऱ्यापर्यंत जाऊ शकत होतो. दीडशे पावलं. चुकलं माझं, एवढं म्हणायचं होतं. मी घरात बसून त्याला गोष्टी सांगत होतो. तो ओठ हलवून पुढची पुढची म्हणत होता आणि आवाज येत नव्हता.

आणि मग वस्तीत झालं ते निराळंच. आमच्या टोचणाऱ्या बायका घरोघर गेल्या की लोक दारातूनच म्हणायचे, कशाला? खुद्द भांडारवाल्याच्या पोराला तिन्ही झाल्या होत्या. काय झालं? पुढच्या वर्षी त्याच ओळीतल्या घरांतली तीन मुलं गेली. एक त्या दुकानदाराची नात. मी रिकामा हात खिशात घालून सांत्वनाला जाऊन आलो. तो माझा हात धरून म्हणाला, तुमचं दुःख आता मला कळलं हो. मी तेव्हाही बोलू शकत होतो.

"चौथा," सिस्टरनी हाक मारली. हेल्मेटवाला उठला, बाळाला पुढे करताना स्वतःच डोळे मिटले. "बाळाला टोचतेय, तुम्हाला नाही," सिस्टर म्हणाल्या. कुणी हसलं, कुणी नाही. बाळाने श्वास घेतला, इतका लांब, की सगळी खोली वाट पाहत थांबली, आणि मग ओरडलं.

माझी नात जागी झाली आणि माझ्याकडे बघायला लागली. तिला अजून माझी एकही थाप माहीत नव्हती. तेव्हा मला ती गोष्ट सुचली. सांगायला लाज वाटते, पण सुचली तेव्हा मला आनंद झाला. इतकी नामी होती. खऱ्याच्या इतकी जवळून जाणारी, की तिच्या सावलीत खरं झाकून जावं. मी मनात असाही विचार केला, की हिने लस द्यावी एवढंच ना काम? खरं सांगूनही ती देईल, या गोष्टीनेही देईल. मग खरं कशाला वाया घालवायचं?

"सांगतो," मी म्हणालो. आवाज मी जरा खाली आणला. तसा तो आपोआपही आला. "कुणाला सांगितलं नाही आजवर. तुझ्या आईलाही नाही. लस चांगलीच होती. मी मारली तिला."

ती वळली.

"ही लस गोठली की मरते. लोकांना वाटतं, जितकी थंड तितकी चांगली. तसं नसतं. गार हवी, गोठायला नको. पेटीत बर्फाची पाकिटं भरतात ना, ती आधी बाहेर काढून ठेवायची, घाम फुटेपर्यंत. हलवून बघायची. आतून पाण्याचा खळखळ आवाज आला की मगच पेटीत. मी त्या दिवशी घाईत होतो. साहेब येणार होते. दगडासारखी पाकिटं तशीच भरली आणि बाटल्या त्यांना टेकवून ठेवल्या. रात्रभर. सकाळी दिसायला ठीक होत्या, वितळल्या होत्या. हलवून उजेडात धरलं असतं तर दिसलं असतं, आत गोठलेल्या लसीचे कण पडतात, दही फाटल्यासारखे. मी धरलं नाही. तीच मी भोंग्याला टोचली. मेलेली. नुसतं पाणीच म्हण. कार्डावर लस आहे, अंगात पाणी. म्हणून गेला तो. लसीने दगा नाही दिला, पोरी. मी दिला."

मी थांबलो. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते खरं होतं. गोष्ट उसनी असली तरी पाणी घरचं होतं. मला वाटलं, संपलं. यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या भांडारात खरं घडलेलं होतं, कुणालाही विचारा. शिवाय गुन्हा मी अंगावर घेतला होता. कबुली देणाऱ्या माणसाची कोण झडती घेतो? आत एक जुनी ओळखीची ऊब होती, गोष्ट बसली की येते ती.

"सहावा."

मुलीने कार्डाची घडी घातली, परत उघडली. "बाबा," ती म्हणाली, "त्या पेटीतल्या बाटल्या आणखी कुणाला दिल्या?"

"दहा मुलं होती."

"त्यातलं कुणी आजारी पडलं?"

"पडलं असेल. कोण लक्षात ठेवतं?"

"तुम्ही. त्या वस्तीतल्या प्रत्येक पोराची लग्नापर्यंतची हकिकत तुम्हाला पाठ आहे. आणि दुसरा डोस? तिसरा? महिन्या-महिन्याने दिलेले. तेही गोठले?"

"पाकिटं तशीच भरायचो ना मी तेव्हा. सवय..."

"तीन महिने? सगळ्या वस्तीला पाणी टोचलंत आणि एकटा आपला भोंगा गेला?"

"पुढच्या वर्षी तिघं..."

"त्यांना दिलीच नव्हती. त्यांच्या आयांनी देऊ दिली नव्हती. तुम्हीच सांगायचात." ती हळू बोलत होती, जसं तापलेल्या मुलाशी बोलतात. नात तिच्या दंडावर ओठ घासत होती. समोर जुळ्यांची आई पाठीवरच्याला पुढे घेत होती आणि तिचे हात आमच्या बोलण्याने मध्येच थांबले होते.

"माझ्या टोचण्याची गोष्ट तुम्ही मला किती वेळा सांगितलीत?" मुलगी म्हणाली. "मी तुमचा चष्मा ओढला, सुई बघून शिंकले, तिसऱ्या वेळेला सिस्टरच्या हाताला चावले. शेजारच्या मुलाची गोष्ट आहे तुमच्याकडे. शिपायाच्या मुलीची आहे. ज्याचं नावही माहीत नाही अशा पोराने डोळा मारला त्याची आहे. मी तर लहानपणापासून वाट बघायचे. भोंगा इतका ओरडायचा, सुई टोचल्यावर किती ओरडला असेल? किती काचा फुटल्या असतील? तुम्ही त्यावर केवढी थाप मारली असतीत. एकदाही नाही. मला वाटायचं, दुःखाने नाही सांगत."

"दुःखानेच," मी म्हणालो. "आठवतं ना मला सगळं. माझ्या मांडीवर होता. जरासुद्धा रडला नाही तो..."

"सातवा," सिस्टर म्हणाल्या. "सातवा नंबर कोण? या लवकर."

मुलगी उठली. दोन पावलांत टेबलापाशी गेली, खुर्चीवर बसली, नातीचा पायजमा खाली ओढला आणि तिची मांडी दोन्ही हातांत घट्ट धरली. सिस्टरनी सुई उजेडात धरली. मुलीने मान वळवून भर खोलीत माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"खोटं, बाबा. त्याला तुम्ही टोचलंच नव्हतं."